माझ्या मुलाखतीला अप्पा गेले

गाव सोडून पुण्याला जायचं ठरवलं मी, आणि एसटीत चढले अप्पा.

उमरग्याहून येणारी पुण्याची एसटी जळकोटला हायवेवर थांबते, तिथं त्या सकाळी आमची अर्धी गल्ली जमली होती. अप्पांनी पांढरं धोतर, इस्तरीचा नेहरू शर्ट आणि काळी टोपी घातली होती. कपाळावर विभूतीचे पट्टे ताजे होते. हातातल्या कापडी पिशवीत अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, बांधून दिलेल्या कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि त्यांच्या जोडीला माझी बी.एस्सी.ची गुणपत्रिका. आमचं किराणा दुकान हायवेला लागूनच, दुकानावर माडी, आणि माडीच्या खिडकीत मी. अंगभर कांजण्या, वर ताप, उशाला कडुलिंबाचा पाला, डोक्याला टॉवेल. राजवाड्यातून राजाला लढाईचा निरोप देणाऱ्या राणीसारखी उभी होते, फक्त राणीला एवढी खाज सुटत नसावी.

शेजारच्या शांताकाकूंनी खालून अप्पांना गाठलंच.

"काय अप्पा, एवढं नटूनथटून कुठं चाललाव?"

"पुण्याला. नंदीच्या मुलाखतीला."

"आन् नंदी कुठाय?"

"ती काय वर. कांजण्या आल्यात तिला."

"मग तुमी कशाला चाललाव?"

"तिला जाता येत न्हाय म्हणून," अप्पा म्हणाले, आणि यात न कळण्यासारखं काय आहे अशा चेहऱ्यानं एसटीत चढले.

जळकोटकर मंडळी, तुम्हाला यात काही वावगं वाटणार नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, मग काय घरात बसायचं होतं अप्पांनी? पण आपल्यातलेच जे पुण्यात, हैदराबादेत नाहीतर त्याहून लांब जाऊन राहिले, त्यांना आता ही गोष्ट जरा समजावून सांगावी लागेल. आमच्या सोसायटीत तर दोनदा सांगावी लागली आणि तरी समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी विचारलंच, "म्हणजे वडिलांनी तुमचा पेपर लिहिला?"

नाही हो बाई. ऐका.

आमच्याकडं आवतन आलं की घरटी एक माणूस गेलंच पाहिजे. लग्न असो, बारसं असो, कुणाची माती असो. ज्याला बोलावलं तो आजारी असला तर त्याचा भाऊ जाईल, भाऊ नसला तर चुलता जाईल, पण घर गेलं पाहिजे. माणूस कोणतं का असेना, घराची हजेरी लागली की झालं. आणि या कामात अप्पांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. दुकान चालवायची अव्वा, अप्पांचा खरा धंदा हजेरीचा. भूमच्या कुठल्या तरी लांबच्या पाहुण्याच्या घरी बारसं असलं तरी अप्पा दोन एसट्या बदलून जायचे, बाळाला बघायचे, जेवायचे आणि परत यायचे. त्यांना विचारलं, "कोण लागतं आपलं?" तर म्हणायचे, "बोलावलंय त्यांनी. बोलावल्यावर जो जात न्हाय, त्याला कुणी का बोलवावं?"

पुण्याच्या एका रंगांच्या कंपनीनं मला बोलावलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेत सहायकाची जागा होती. मी रसायनशास्त्र घेऊन सोलापुरात शिकले होते आणि या जागेसाठी अर्ज केल्याचं घरात मुलाखतीचं बोलावणं येईपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. पाकीट आलं तेव्हा अप्पा दुकानाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाले, "नंदे, पुणं लई लांब हाय."

बस, एवढंच. अप्पांचा नकार असाच असायचा. भांडण नाही, आरडाओरडा नाही. त्यांना वाटतं ते एकदा सांगायचं आणि मग गुळाच्या ढेपेसारखं जागच्या जागी बसायचं. तुम्ही किती का ओढा.

तरी मी ओढलं. त्यात उमरग्याचं एक स्थळ अप्पांच्या मनात बसलं होतं. मुलगा चांगला होता, दुकान चांगलं होतं, दुकानावरची माडीसुद्धा आमच्यासारखीच होती. मला ती माडी दिसायची आणि धाप लागायची. एका माडीवरून उठून दुसऱ्या माडीवर बसायचं आणि तोच हायवे खिडकीतून बघायचा! मी जेवण सोडलं. म्हणजे अव्वा मला दुकानातले फुटाणे गुपचूप आणून द्यायची, पण अप्पांसमोर मी उपाशीच. शेवटी अव्वानं मधला मार्ग काढला. मुलाखत देऊ द्या. नोकरी लागली तर पुढचं पुढं बघू, नाही लागली तर उमरगा.

अप्पा म्हणाले, "बघू."

"बघू" म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पण मला तेवढी फट पुरेशी होती. माझं सगळं त्या एका मुलाखतीवर येऊन ठेपलं होतं.

आणि मुलाखत तोंडावर आली असताना सकाळी आरशात बघितलं तर कपाळावर एक फोड. दुपारपर्यंत गालावर, गळ्यावर, पाठीवर. रंगाच्या कंपनीत जायच्या आधीच माझ्यावर पहिला हात मारून झाला होता.

अव्वानं बघितलं आणि दोन्ही हात जोडले. तिच्या लेखी हा आजार नव्हता, अम्मा, म्हणजे देवी, घरी आल्या होत्या. लगेच घरात फोडणी बंद, केस विंचरणं बंद, मोठ्यानं बोलणं बंद. मला दहीभात आणि लिंबाचा पाला. मी मोठ्यानंच बोलत होते.

"मी तोंडाला ओढणी बांधून जाते."

"नंदे, अम्मा हायत्या घरात. हळू बोल."

"अम्मांना म्हणावं, एवढी मुलाखत होऊ द्या, मग निवांत या. महिनाभर रहा."

अव्वानं माझ्या वतीनं स्वतःच्या गालावर दोन चापट्या मारून घेतल्या आणि देवघराकडं बघून माफी मागितली. डॉक्टरांना बोलावलं. त्यांना अम्मांचं काही नव्हतं, पण ते अव्वाहून कडक निघाले. म्हणाले, "बसमध्ये बसलीस तर पुण्यापर्यंत अख्खी गाडी फोडांनी भरशील. घरात पड."

मी पडले. भिंतीकडं तोंड करून पडले. मला वाटलं, अप्पांना आता बरं वाटत असेल. त्यांना काही बोलावंच लागलं नाही, त्यांचं काम परस्पर झालं. उमरग्याची माडी डोळ्यांसमोर आली आणि मी उशीत तोंड घालून रडले. फोडांवर आसवं झोंबतात, ही माहिती मला तेव्हा मिळाली.

अप्पा समोरच्या एसटीडी बूथवर गेले. कंपनीला फोन लावला. पलीकडच्या पोरीनं ऐकून घेतलं आणि "निरोप देते" म्हणून फोन ठेवला. अप्पा माडीवर आले ते तणतणतच.

"निरोप देते म्हणं! निरोप दिला की झालं व्हय? उद्या म्हणतील, जळकोटची पोरगी आलीच न्हाय. बोलावल्यावर आली न्हाय. घरात कुणी हाय का न्हाय ह्यांच्या?"

"मग काय करायचं म्हणता?" अव्वा म्हणाली.

"म्या जातो."

अव्वा आणि मी, दोघींनीही एकदम त्यांच्याकडं बघितलं. ते खुंटीवरची काळी टोपी काढून तिच्यावरची धूळ झटकत होते. ती टोपी बोलणीची होती. आमच्या घरातलं कुठलंही लग्न ठरवायला जाताना अप्पा ती घालायचे. आणि मोडायला जातानाही तीच. माझ्या आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा अप्पा तीच टोपी घालून गेले होते, तिकडच्यांचा चहा प्यायले होते आणि पाया पडून "न्हाय जमत" म्हणून आले होते. तर आता ते पुण्याला जाऊन काय करणार होते? माझी तारीख मागणार होते, की माझ्या वतीनं हात जोडून मोडून येणार होते?

विचारायची सोय नव्हती. आणि अडवायचा हक्क तर त्याहून नव्हता. हजेरीला निघालेल्या अप्पांना एकदा भर उन्हाळ्यात अंगात ताप असतानाही कुणी अडवू शकलं नव्हतं.

म्हणून त्या सकाळी एसटी हलली तेव्हा खिडकीतून मी हात हलवला, तो निरोपाचा होता की विनवणीचा, ते मलाच ठाऊक नाही. अप्पांनी वर बघितलं. हात केला नाही. टोपी नीट केली.

अप्पा पुण्यात आमच्या समाजाच्या मठात उतरले, मुलाखतीला जाऊन आले आणि परतीच्या एसटीनं उतरून थेट माडीवर आले. पाय धुतले. चहा मागितला. मी अंथरुणावर उठून बसले होते. अव्वा फुलपात्र हातात धरून तशीच उभी.

"काय झालं, अप्पा?"

"आयितु," अप्पा म्हणाले. कानडीत. म्हणजे झालं. आमच्या घरात वाद मिटवायचा असला की अप्पा मराठी सोडून कानडीत शिरायचे.

"पण काय झालं?"

"हजेरी लागली. एवढी मोठी कंपनी, नंदे, गार हवेच्या खोल्या, कागदाच्या पेल्यात पाणी. पण आलेल्या माणसाला जेवलास का म्हणून कुणी इचारलं न्हाय. तसली माणसं हायत. वाईट न्हाईत. पण इचारत न्हाईत."

यापुढं एक अक्षर नाही. अव्वानं रात्री जेवताना विचारलं, दुसऱ्या दिवशी दुकानात विचारलं. शांताकाकूंनी तर वाटीभर साखर उसनी न्यायच्या निमित्तानं येऊन विचारलं. अप्पा म्हणजे गुळाची ढेप. मी फोडांच्या खपल्या मोजत बसले आणि समजले की मोडलं.

खपल्या पडून गेल्यावर एका दुपारी बूथवाल्यानं रस्त्यापलीकडून हाळी दिली, "नंदे, पुण्याचा फोन!" मी रस्ता कसा ओलांडला, मला सांगता येणार नाही. एका ट्रकवाल्यानं मात्र ते मला त्याच्या भाषेत सांगितलं. फोनवरची बाई म्हणाली, "तब्येत बरी आहे ना आता? मग सोमवारी या."

या खेपेला अप्पा आले नाहीत. "माझी हजेरी झाली. आता तुझी," म्हणाले.

मावसबहिणीकडं उतरून मी कंपनीत गेले. टेबलापलीकडं तिघं होते. मधोमध चष्म्याला साखळी लावलेल्या बाई. त्यांनी माझ्या गालावरचे डाग बघितले आणि हसल्या. म्हणाल्या, "तुमचं कारण खरं होतं तर. तुमचे वडील तुम्हाला काही बोलले का?"

"आयितु म्हणाले."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही बोलले."

मग त्या बाईंनी, मुलाखत बाजूला ठेवून, मला सगळं सांगितलं. अप्पा इतर उमेदवारांच्या रांगेत खुर्चीवर ताठ बसले होते. माझं नाव पुकारलं तेव्हा ते उठले, आत गेले, तिघांना हात जोडून "शरणार्थ" म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

"तुम्ही महानंदा?" एका साहेबांनी विचारलं होतं.

"म्या तिच्या घरचा. तिला कांजण्या आल्यात. बोलावलं तुमी, म्हणून आलो."

हे ऐकून त्या साहेबांनी आपली खुर्ची हळूच मागं घेतली. अप्पांच्या लक्षात आलं. "भिऊ नका साहेब, मला लहानपणीच येऊन गेल्यात," म्हणाले. साहेब ओशाळले आणि गमतीत आले. "मग आता प्रश्न तुम्हालाच विचारू का?"

"इचारा की. मला जेवढं येत न्हाय, तेवढं समदं तिला येतं. तसं लिहून घ्या."

तिघंही हसले. मग साखळीच्या बाईंनी सहज विचारलं, "इतक्या लांबून आलात. मुलीनं ही नोकरी करावी असं फार वाटतंय ना तुम्हाला?"

"न्हाय," अप्पा म्हणाले.

बाईंनी विचारलं, "मग कशाला आलात?"

अप्पा काय म्हणाले, ते बाईंनी त्यांच्या पुणेरी मराठीत सांगितलं. पण मला ते ऐकू आलं ते अप्पांच्याच आवाजात.

"मला न्हाय वाटत, ते म्या माझ्या घरात बघीन. न्हाय म्हणायचं तर म्या म्हणीन तिला. न्हायतर तुमी म्हणा, तुमची कंपनी हाय. पण तापानं न्हाय म्हणायचं काम न्हाय, बाई. तापाला कुणी इचारलं होतं?"

मला पुढचं दिसेनासं झालं. बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला. कागदाचाच. मग त्यांनी घसा साफ केला, चष्मा लावला आणि मला असे काही प्रश्न विचारले की माझी आसवं जागच्या जागी वाळली. त्यांनी तसूभर सूट दिली नाही, आणि मलाही ती नको होती. कंपनीचा नकार किंवा होकार जो काय यायचा तो आता माझा स्वतःचा असणार होता, कांजण्यांचा नाही.

कंपनी हो म्हणाली.

मी जळकोटला परतले. अप्पा पायरीवर बसले होते. मी एसटीतून उतरल्यापासून मनात संवाद पाठ करत आले होते, गॅदरिंगच्या नाटकासारखा. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "अप्पा, ताप गेला. कंपनी हो म्हणाली. आता राहिलात तुम्ही."

त्यांना कळलं की मला सगळं कळलंय. ते हायवेकडं बघत राहिले. एक ट्रक गेला, दुसरा गेला, एक म्हशींचा टेम्पो गेला. अव्वा गल्ल्यावर होती, तिनं गिऱ्हाइकाला साखरेऐवजी रवा बांधून दिला.

"माझं न्हायच हाय," अप्पा म्हणाले.

मी खांद्यावरची पिशवी पायरीवर ठेवली.

"माझं न्हाय ते न्हाय. त्ये काय बदलत न्हाय. पण त्ये माझं हाय, माझ्यापाशी ऱ्हाईल. तू तुझी बस बघ."

उमरग्याला ते दुसऱ्याच दिवशी गेले. काळी टोपी घालून.

या गोष्टीला आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली असतील. पुण्यात माझा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, नवरा आहे, आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली की खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. मी चप्पल घालून जाऊन येते. सुरुवातीला लोक दार उघडून गोंधळायचे, आता चहा ठेवतात. नवरा म्हणतो, "निघाली जळकोटची हजेरी."

मध्यंतरी माझ्या लेकीची नोकरीची मुलाखत होती आणि तिला ताप भरला. मी धसकले. तिनं पडल्या पडल्या मोबाईलवर दोन ओळींची मेल टाकली, "अनवेल, प्लीज रिशेड्यूल," आणि मी काढा उकळेपर्यंत नवी तारीख आलीसुद्धा. कुणाची पिशवी भरली नाही, कुणी टोपी झटकली नाही. चांगलंच आहे की. आमच्या वेळेला हे असतं तर मीही तेच केलं असतं. पण अप्पांना फोनवर हे सांगितलं तर ते उठूनच बसले.

"कुठं हाय कंपनी? म्या जाऊन येऊ का?"

"अप्पा, बंगळुरूला आहे."

"मग तर सोपंच हाय. मला कानडी येतंय की!"

लेकीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि ती आजोबांशी बराच वेळ हसत बोलत होती. तिला वाटलं, आजोबा गंमत करतायत. मी तिला सांगितलं नाही, की हो म्हणाली असतीस तर ते सकाळच्या गाडीला बसले असते.

मला पुष्कळ जण विचारतात, आता घर कुठलं, पुणं की जळकोट? बाहेर गेलेल्या सगळ्यांना हे विचारतात आणि सगळे जण गोड काहीतरी सांगतात. मला एवढंच सांगता येईल. पुण्यात मी राहिले काय, निघून गेले काय, कुणाची ना नाही. सोसायटीनं तर मला कधीच अडवलेलं नाही, मेंटेनन्स भरला की झालं. जगात एकच दार असं आहे, जिथल्या एका माणसानं माझ्या जाण्याला अजून होकार दिलेला नाही. इतक्या वर्षांत दिलेला नाही. ते माझं घर.

अप्पा आता थकलेत. दुकान माझा धाकटा भाऊ बघतो, अव्वा दुपारची झोपते. मी सुट्टीला जाते, चार दिवस राहते, आणि जायच्या सकाळी दरवेळी पायरीशी येऊन विचारते, "अप्पा, निघू का?"

"न्हाय," अप्पा म्हणतात. आणि माझ्या सामानातली सगळ्यात हलकी पिशवी बघून उचलतात, आणि माझ्या पुढं एसटीकडं चालू लागतात.